सेंट पॉल्स एपिस्कोपल चर्च, टुम्बस्टोन

ॲरिझोनातल्या टुम्बस्टोन गावचं एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेच्या अमेरिकन शाखेचं चर्च (आपल्याकडच्या ज्या अँग्लिकन मंडळ्या १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या त्यांच्या भावकीतलं). १८७७ ला एड शिफेलिनला इथे चांदी सापडली, १८७९ ला गाव वसलं, पण खाणीवर आलेला माणूस टिकेलच याची खात्री नाही, मग वर्गणी कोण देणार आणि पाळकाला पगार कुठून, ही इथल्या मंडळीची (चर्चच्या सभासदांची) सुरुवातीपासूनची अडचण.

जानेवारी १८८२ च्या अखेरीस एंडिकॉट पीबडी आला, ओके कोरलच्या गोळीबाराला (वायट अर्प व त्याचे भाऊ विरुद्ध काउबॉय टोळी, गावातलीच गाजलेली चकमक) जेमतेम तीन महिने झाले होते. वय २४, अजून सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकत होता. बरेच लेखक त्याला सरळ रेव्हरंड म्हणून मोकळे होतात पण तेव्हा त्याची पाळकपदाची दीक्षा झालेली नव्हती, आणि हा फरक छोटा नाही, कारण प्रार्थना चालवता येते, बोध करता येतो, पण दीक्षेशिवाय प्रभुभोजन देता येत नाही, म्हणजे मंडळी उभी राहत होती ती या मुख्य संस्कारासाठी दुसऱ्या कुणाची तरी वाट बघतच. तरी बेसबॉल आणि बॉक्सिंगमुळे गडी गावात रुळला. जॉर्ज पार्सन्स या खाणधंद्यातल्या माणसाच्या रोजनिशीत त्याचे उल्लेख आहेत, या काळासाठी तोच आधार जास्त भरवशाचा.

चर्च १८८२ मध्येच कच्च्या मातीच्या विटांचं बांधलं, त्याच वर्षी मे महिन्यात गावाचा बाजारभाग आगीत गेला होता, त्या दिवसांत हे काम पुरं करणं खरंच मोठी गोष्ट. पैशांबद्दल कथा बऱ्याच आहेत. पीबडीने सलूनमध्ये जाऊन जुगाराच्या टेबलावरून देणगी आणली हे सगळीकडे सांगतात, तपशील मात्र दरवेळी बदलतो. वेदीपुढचा कठडा वायट अर्पने दिला असंही म्हणतात, पण मार्चमध्ये भाऊ मॉर्गनचा खून झाल्यावर वायट थोड्याच दिवसांत गाव सोडून गेला, त्यामुळे ही दंतकथा मानणंच बरं. ॲरिझोनातलं सर्वात जुनं प्रॉटेस्टंट चर्च हा दावाही उभ्या इमारतीपुरताच घ्यावा, टूसॉन-प्रेस्कॉटला प्रॉटेस्टंट मंडळ्या आधीपासून होत्या.

पीबडी जुलैत परत गेला, १८८४ ला त्याने ग्रोटन शाळा काढली, फ्रँकलिन रूझवेल्ट तिथलाच विद्यार्थी. इकडे खाणींत पाणी भरत गेलं, १८८६ ला पंप जळाले, लोक पांगले, १९२९ ला काउंटीचं (जिल्ह्याचं) मुख्यालयही बिस्बीला गेलं. चर्च अजून वापरात आहे.