मचूळ पाणी आणि दूषित पाणी: आरओ कुणाला लागतो, यूव्ही कुणाला

कोकणात घरी फिल्टर घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, आरओ घेऊ की यूव्ही, आणि मग लगेच कंपनी कुठली, टाकी किती लिटरची, सर्व्हिसवाला तालुक्याच्या गावावरून येणार की जिल्ह्यावरून. पण त्याच्या आधीचा प्रश्न राहूनच जातो, आपल्या पाण्याला नक्की झालंय काय? कारण पाणी दोन अगदी वेगळ्या तऱ्हेने वाईट असतं. एक मचूळ पाणी, म्हणजे त्यात क्षार विरघळलेले, चव खारट, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आणि दुसरं दूषित पाणी, म्हणजे त्यात जंतू. मचूळ पाणी जिभेला पहिल्या घोटात कळतं, दूषित पाणी जिभेला अजिबात कळत नाही, ते गोडं, थंडगार, काचेसारखं स्वच्छ असू शकतं. आरओ हा पहिल्यावरचा इलाज आणि यूव्ही दुसऱ्यावरचा, एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धी खरेदी झाली म्हणून समजा.

गल्लत होते ती टीडीएस मीटरमुळे. टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा. तो पेनासारखा मीटर विक्रेता ग्लासात बुडवतो आणि आकडा दाखवतो, आकडा मोठा आला तर 'पाणी खराब', छोटा आला तर 'पाणी शुद्ध'. आता हा मीटर मोजतो काय, तर पाण्यातून वीज किती वाहते ते, आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज लावतो, बस. जंतू त्याला दिसत नाहीत. घरी करून बघा, एक लिटर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवा, आकडा जवळपास हलणारच नाही, आणि मग त्यातच एक ग्रॅम मीठ टाका, आकडा साधारण हजाराने वर जाईल. साखर ज्याला कळत नाही त्याला काविळीचा विषाणू कुठून कळणार!

आणि आपल्याकडची खरी गंमत पुढेच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जून-जुलैत विहिरी काठोकाठ भरतात, आणि ह्या पावसाच्या पाण्याने क्षार पातळ होतात, म्हणजे टीडीएस वर्षातला सगळ्यात कमी दाखवणार. पण जांभा दगड हा भोकाभोकांचा, त्यातून वरचं पाणी झरझर खाली उतरतं, गोठ्याचं, शोषखड्ड्याचं, संडासाच्या खड्ड्याचं सगळं, मातीत गाळून जायला त्याला वेळच मिळत नाही. संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब असावा असं सांगतात ते यासाठीच, आणि जांभ्यात तर जेवढं लांब तेवढं बरं. म्हणजे मीटर सगळ्यात चांगला आकडा दाखवतो नेमका तेव्हाच विहिरीत जंतू सगळ्यात जास्त असण्याची शक्यता असते. पहिल्या पावसानंतर गॅस्ट्रो आणि काविळीची साथ येते ती ह्याच 'छान टीडीएस'च्या पाण्यातून. काविळीतला हिपॅटायटिस ई तर गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो, घरात कुणी गरोदर असेल तर निदान पावसाळ्यात तरी विहिरीचं पाणी तसंच प्यायला देऊ नका, मग ती विहीर पिढ्यान् पिढ्यांची असली तरी.

विक्रेते दुसरा एक प्रयोग दाखवतात तोही सांगून ठेवतो, कारण त्याला माणसं फार घाबरतात. दोन ग्लास, एकात तुमच्या विहिरीचं पाणी आणि एकात आरओचं, दोन्हीत सळ्या बुडवून वीज सोडायची, दोन मिनिटांत विहिरीचं पाणी तपकिरी, हिरवट, वर फेस, आणि आरओचं तसंच नितळ. 'बघा काकू, हे पिताय तुम्ही.' ती घाण पाण्यातली नसते, ती सळीच्या लोखंडाची असते! पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजून गंज होतो, आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही म्हणून गंज नाही, एवढंच. त्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत करायला सांगा, तेही तपकिरी होईल. दारावर आलेल्या माणसाशी भांडू नका, पण ह्या प्रयोगावरून पंधरा-वीस हजार मोजू नका.

आता मशिनं काम कशी करतात ते. आरओमध्ये पंप लावून पाणी एका फार बारीक पडद्यातून दाबून पार करतात, त्यातून पाणी जातं आणि क्षार मागे राहतात. मागे राहिलेले क्षार वाहून न्यायला पाणी लागतं, म्हणून घरगुती आरओत एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेरच्या नळीतून जातं, जुन्या मशीनमध्ये त्याहून जास्त. यूव्हीमध्ये असं काही नाही, एक दिवा असतो, साधारण २५४ नॅनोमीटरची अतिनील किरणं, ती जंतूंच्या डीएनएवर घाव घालतात आणि जंतू वाढू शकत नाहीत. पाण्यातून काहीही काढत नाही आणि काहीही घालत नाही, पाणी वाया जात नाही, खारट पाणी खारटच राहतं.

म्हणून सड्यावरच्या, डोंगराच्या कुशीतल्या गावात जिथे झऱ्याचं नाहीतर चिरेबंदी विहिरीचं पाणी आहे, टीडीएस शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, तिथे आरओ लावणं मला खरंच पटत नाही. बऱ्याचदा चाकरमानी मे महिन्यात येताना आईवडिलांसाठी प्रेमाने मुंबईहून आरओ घेऊन येतात, तेही अशा महिन्यात जेव्हा विहिरीचा तळ दिसायला लागलेला असतो, आणि कळशीभर पाण्यासाठी दोन-तीन कळश्या मोरीत जातात. वर असं मऊ पाणी आरओतून गेलं की चव इतकी सपक होते की मेकॅनिक टीडीएसचा स्क्रू फिरवून थोडं कच्चं पाणी त्यात मिसळून देतो, म्हणजे तेवढं पाणी पडद्यातून गेलंच नाही. पुढे यूव्ही नसेल तर त्या पाण्यातले जंतू थेट ग्लासात. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की टीडीएस ५००च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणा, ते ह्याच पाण्याच्या नासाडीवरून. ५०० हा आकडा भारतीय मानकातलाच, प्यायच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, दुसरी सोयच नसेल तर २०००पर्यंत चालवून घ्यावेत.

पण खाडीकाठी, पुळणीला लागून, खारभूमीच्या आसपास राहणाऱ्यांना मी हे सांगणार नाही, त्यांचं दुखणं वेगळं आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे ५० लिटरच्या ड्रममध्ये नुसतं एक लिटर समुद्राचं पाणी मिसळलं तरी टीडीएस ७००ने वाढतो. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आपण पंप लावून गोडं उपसत गेलो की खालचं खारं वर चढतं, म्हणून तीच विहीर दिवाळीत गोडी आणि शिमग्यानंतर मचूळ. अशा घरात यूव्ही लावला तर जंतू मरतील, चव तीच राहील, मीठ तेवढंच पोटात जाईल. हिशोब करा, टीडीएस १५०० आणि ते सगळं मीठच धरलं तर लिटरमागे सोडियम साधारण ५९० मिलिग्रॅम, उन्हाळ्यात तीन लिटर पाणी प्यायलात तर पावणेदोन ग्रॅमच्या वर सोडियम नुसत्या पाण्यातून, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराच्या सगळ्या खाण्यापिण्यातून मिळून दोन ग्रॅमच्या आत राहायला सांगते. घरात ब्लडप्रेशरवालं माणूस असेल, आणि सुकं बांगडा-लोणचं जेवणात असतंच, तर आरओवरचे पैसे वाया जात नाहीत. २०००च्या वर टीडीएस असेल तर मात्र घरगुती मशीनचा पडदाही लवकर दम तोडतो.

तिथे माझं मन आरओपेक्षा पावसाच्या टाकीकडे जास्त जातं. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि तीन मीटर पाऊस म्हणजे हिशोबाने तीन लाख लिटर पाणी पन्हळीतून वाहून जातं. पाच माणसांच्या घराला प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले तर दिवसाला पंचवीस, कोरडे आठ महिने म्हणजे सहा हजार लिटर. सहा हजार लिटरची बंद टाकी! सुरुवातीच्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, कौलांवरचा पाचोळा धुऊन जाऊ द्यायचा, तोंडाला जाळी, आत उजेड नको, आणि पिताना यूव्ही किंवा उकळणं. क्षार त्यात जवळजवळ नसतातच.

यूव्हीलाही काही गोष्टी सहन होत नाहीत. गढूळ पाणी, एक. मातीच्या कणाआड जंतू लपला की किरण त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पावसाळ्यात आधी गाळणारा कॅन्डल किंवा स्पन फिल्टर लागतोच आणि तो वेळेवर बदलावा लागतो. दुसरं लोह. जांभ्याच्या भागात बोअरवेलचं पाणी बादलीत ठेवलं की तासाभरात तांबूस होतं, ते लोह दिव्याभोवतीच्या काचेवर बसतं आणि किरण अडवतं, आरओचा पडदाही त्याने चोंदतो, तर अशा ठिकाणी आधी लोह काढायचा फिल्टर आणि मग पुढचं काय ते. तिसरं म्हणजे दिवा पेटतोय म्हणजे काम करतोय असं नसतं, साधारण वर्षभर चालला की निळा उजेड दिसत राहतो पण जोर कमी होतो.

आणि वीज. आपल्याकडे वादळवाऱ्यात वीज किती दिवस जाते ते काय सांगायचं, जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड, श्रीवर्धनकडच्या गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले, जुलै २०२१ ला चिपळूणात पुराचं पाणी घरात शिरलं. अशा वेळी आरओ आणि यूव्ही दोन्ही भिंतीवरचे नुसते डबे. म्हणून बिनविजेचा यूएफवाला फिल्टर घरात असावा, त्याच्या बारीक नळ्यांतून जंतू अडतात (विषाणू सगळेच अडतील ह्या भरवशावर राहू नका), आणि पाणी खळखळ उकळायला लागल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्यायचं, हा तर सगळ्यात पक्का उपाय. क्लोरीनची गोळी किंवा मेडिक्लोर टाकलं तर अर्धा तास थांबायचं. ग्रामपंचायतीच्या टीसीएल पावडरचा (म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचा) वास येतो म्हणून नळाचं सोडून विहिरीचं पाणी पिणारे खूप आहेत, तो वास खरं तर पाणी राखलं जातंय ह्याची खूण आहे, आणि नकोच असेल तर साध्या कार्बन फिल्टरने जातो, भांडं उघडं ठेवलं तरी बराच कमी होतो. यूव्हीच्या आणि आरओच्या पाण्यात क्लोरीनसारखं मागे राहून राखण करणारं काही नसतं, त्यामुळे ते पाणी पुन्हा हंड्यात ओतून त्यात पेला बुडवलात तर हात लागला की संपलं, ओगराळं वापरा.

आरओचं पाणी पिऊन अशक्तपणा येतो का, हेही सारखं विचारतात. पाण्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळतं ते थोडंसं, खरं येतं ते ताटातून, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, काट्यासकट खाल्लेली बारीक मासळी वेगळीच. त्यामुळे त्या भीतीने आरओ बंद करू नका आणि मिनरलवाल्या कार्ट्रिजसाठी जादा पैसेही देऊ नका. अशक्तपणा येतो तो पाणी कमी पडल्याने आणि घामातून मीठ गेल्याने. दमट हवेत घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही आणि घाम येतच राहतो, आंबा काढणीला, जाळी ओढायला गेलेल्या माणसाला नुसतं पाणी पुरत नाही, त्याला पेज, ताक, मीठ घातलेलं कोकम सरबत पाहिजे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरतंय, गडद झाली तर कमी पडतंय. म्हाताऱ्या माणसांना तहान लागल्याचं कळत नाही, त्यांच्या हातात पेला नेऊन द्यावा लागतो, फक्त हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांनी जेवढं सांगितलंय तेवढंच.

जुलाब लागले की मात्र ही मचूळ-दूषित भानगड एकत्र येते, नीट वाचा. घरचं जलसंजीवनी म्हणजे एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पाणी उकळून गार केलेलं. पण ते पाणी मुळात मचूळ असेल तर त्यातलं मीठ ह्या मिठात मिळून प्रमाण बिघडतं आणि लहान मुलाला जास्त मीठ धोक्याचं असतं. ओआरएसच्या पुडीचंही तेच, ती गोड्या पाण्यातच कालवायची. खाडीकाठच्या घरात तेवढ्यासाठी तरी आरओचं नाहीतर पावसाचं पाणी बाजूला ठेवा.

तर खरेदीच्या आधी तपासणी. गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, पाण्याचे नमुने तोच पाठवतो, त्याला विचारा. जंतूंची आणि क्षारांची तपासणी वेगवेगळी असते, 'पाणी तपासून द्या' एवढंच सांगू नका, दोन्ही मागा. जंतूंसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणा, घरची सरबताची बाटली नको, आणि नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. पावसाळ्यात एकदा जंतूंसाठी आणि मे महिन्यात एकदा क्षारांसाठी, कारण दोन्ही दुखणी आपापल्या मोसमात जोरावर असतात. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू, एकही चालत नाही, तो सापडला आणि टीडीएस ५००च्या आत असेल तर यूव्ही आणि यूएफ एकत्र असलेलं मशीन, टीडीएस ५००च्या वर असेल तर आरओ आणि त्याच्या पुढे यूव्ही. दोन्ही ठीक आलं तर माठाला स्वच्छ फडकं, ओगराळं, आणि पावसाळ्यात उकळणं, मशीन घेऊच नका.