बारवीमार्गे सिद्धगड: एका निवांत सायकलवाटेची युद्धकालीन पार्श्वभूमी

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावाहून नारिवलीकडे आणि पुढे बोरवाडीला जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या फारशा नसतात, कारण बोरवाडीच्या पुढे मोटारीचा रस्ता जातच नाही. समोर सिद्धगड, त्याच्या पाठीशी भीमाशंकरचा डोंगर, आणि घाटावर चढायला फक्त पायवाटा. कल्याणहून घाटमाथ्याला जाणारी आजची सगळी वाहनं मुरबाडहून सरळ माळशेजकडे निघून जातात. ठाणे, डोंबिवली, नवी मुंबईच्या सायकलवाल्यांना ही आड दरी आवडते ती याचसाठी. १९४२ साली भूमिगत क्रांतिकारक इथे आले, त्यामागेही हेच कारण होतं.

युरोपात वाहनमुक्त सायकलमार्ग बहुधा बंद पडलेल्या रेल्वेच्या पायावर बांधले गेले. जर्मनीतल्या आखेनपासून लक्झेंबर्गच्या उत्तर टोकापर्यंत जाणारा १२५ किलोमीटरचा वेनबान हा त्यातला नावाजलेला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने त्या रुळांची जमीन बेल्जियमला मिळाली आणि १९४४ च्या हिवाळ्यात त्याच भागात आर्डेन्सची लढाई झाली. आगगाडीसाठी आखलेला असल्यामुळे तो मार्ग कुठेच फार चढत नाही. ठाणे जिल्ह्यात असं आयतं काही नाही. इथे निवांत रस्ता भूगोलातच शोधावा लागतो, आणि शोधायला गेलं की दुसऱ्या महायुद्धाच्या खुणा वाटेत येतात.

सुरुवात कल्याणपासून करावी लागते. मुंबई बंदरातून निघालेली रेल्वे इथे दोन घाटांकडे फुटते: एक फाटा कसाऱ्याहून थळ घाटाकडे, दुसरा कर्जतहून बोरघाटाकडे. बंदरात उतरलेलं सैन्य ठेवायचं आणि तिथून हव्या त्या दिशेला पाठवायचं, तर जंक्शनजवळची सपाट जमीन सोयीची. म्हणून उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या परिसरात लष्कराच्या पाच छावण्या उभ्या राहिल्या. युद्ध संपल्यावर, फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही तिथला पत्ता ‘कॅम्प नंबर चार’, ‘बॅरेक नंबर अमुक’ असाच सांगतात.

दुसरी खूण नेवाळीची. काटईहून बदलापूरला जाणारा पाइपलाइन रोड खोणी आणि नेवाळी नाक्यावरून जातो. नेवाळी परिसरातल्या गावांची शेतजमीन युद्धकाळात ब्रिटिशांनी विमानांच्या धावपट्टीसाठी ताब्यात घेतली. युद्धानंतर शेतकरी तिथे पुन्हा भात लावू लागले, पण कागदावर जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. जून २०१७ मध्ये नौदलाच्या कुंपण भिंतीवरून इथे मोठं आंदोलन झालं, त्याला हिंसक वळण लागलं. युद्धकाळात सुरू झालेला जमिनीचा वाद पंचाहत्तर वर्षांनंतरही पेटता होता, एवढं ध्यानात ठेवून इथून पुढे जावं. ही जमीन संरक्षण खात्याची आहे. धावपट्टीचे फोटो काढायला आत शिरू नये. दक्षिणेला दिसणारा मलंगगड आणखी जुन्या लढाईचा साक्षीदार आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, १७८० साली इंग्रजांनी त्याला वेढा घातला होता.

पाइपलाइन रोडबद्दल स्पष्ट सांगायला हवं: हा रस्ता निवांत नाही. टँकर, डंपर, रिक्षा, सगळं आहे. ठाण्याहून शिळफाटामार्गे यायचंच असेल तर उजाडण्याच्या आत नेवाळी मागे पडली पाहिजे. नाही तर बदलापुरातूनच सायकल सुरू करणं शहाणपणाचं. फुटलेल्या ट्रक-टायरमधल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे या रस्त्याच्या कडेला पडलेले असतात आणि ते सायकलच्या टायरमध्ये रुततात. हवा एकदम जात नाही, तासाभरात हळूहळू उतरते. ट्यूब बदलली, पण तार टायरमध्येच राहिली, तर नवी ट्यूबही दहा किलोमीटरवर पंक्चर. टायर आतून बोट फिरवून तपासावा, तार चिमट्याने ओढून काढावी आणि मगच ट्यूब बसवावी. छोटा चिमटा किंवा पकड बरोबर असली की हे काम दोन मिनिटांचं.

बदलापूर ओलांडून मुरबाडकडे नेणाऱ्या बारवी धरणाच्या रस्त्याला वळलं की चित्र बदलतं. हे धरण एमआयडीसीचं, १९७२ सालचं. नंतर त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, पाणी पसरलं, काही वस्त्या उठल्या. ठाणे आणि नवी मुंबईच्या कारखान्यांना व शहरांना जे पाणी मिळतं, त्यातला मोठा वाटा इथला. धरणाभोवती जंगल राखलेलं आहे, म्हणून रस्त्याला इमारती चिकटल्या नाहीत. चढउतार लहान पण सतत आहेत. पुढे ३४ दातांची चकती आणि मागे ३२ दातांचं मोठं चक्र असेल तर सामानासहित सहज निभतं. पावसाळ्यात धरणे व धबधब्यांच्या परिसरात जिल्हा प्रशासनाचे बंदीचे आदेश निघतात. निघण्याआधी ते पाहावेत. पावसात लाल माती रिम आणि ब्रेकच्या रबरामध्ये अडकते आणि कानशीसारखी रिम खाते. या दिवसांत डिस्क ब्रेकच बरे.

आता या वाटेवरचा मुख्य विषय. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवणारी टाटांची जलविद्युत केंद्रं याच सह्याद्रीच्या पायथ्याशी होती: खोपोली १९१५ पासून, भिवपुरी १९२२ पासून. रेल्वेने स्वतःचं चोळा पॉवर हाऊस कल्याणशेजारी ठाकुर्लीला १९२९ मध्ये सुरू केलं होतं. युद्धाचा माल बनवणारी मुंबई डोंगरातून येणाऱ्या तारांवर चालत होती, आणि त्या तारा कर्जत-कल्याणच्या शेतांतून जात होत्या.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, नाभिक कुटुंबात झाला. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. डोंगराखालच्या शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी त्यांनी धान्यकोठ्या चालवल्या, शाळा काढल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’ची हाक आल्यावर ते भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता हा भूमिगत गट उभा केला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत दस्त्याने विजेचे ११ मनोरे पाडले. गिरण्या आणि रेल्वे दोन्हींना त्याचा फटका बसला. गावोगावच्या लोकांनी त्यांना भाकरी दिली, वाट दाखवली. धान्यकोठ्यांच्या काळात जोडलेली माणसं नसती, तर दस्ता इतके दिवस टिकला नसता असं आम्हाला वाटतं.

पोलीस मागावर लागले तेव्हा दस्ता सिद्धगडाच्या जंगलात सरकला. झाडी दाट, वाहन येऊ शकत नाही, आणि वेळ आलीच तर पायवाटेने घाटमाथा गाठता येतो. पण ठावठिकाणा फुटला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी तळ घेरला. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात धारातीर्थी पडले. कोतवाल तेव्हा तीस वर्षांचे होते. पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी २ जानेवारीला तिथे बलिदान दिन पाळला जातो.

त्या दिवशी या रस्त्यावर बसगाड्या आणि जीपगाड्यांची रीघ असते. अभिवादनासाठी जायचं असेल तर त्याच दिवशी जावं, निवांत सायकलसाठी मात्र दुसरा दिवस धरावा. पौष पौर्णिमेपासून म्हशाची यात्रा भरते. बैलांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. त्या काळात मुरबाड ते म्हसा जनावरांचे टेम्पो आणि गर्दी असते. एरवीही मुरबाड-म्हसा-कर्जत हा आता रुंद झालेला महामार्ग आहे. मुरबाड ते म्हसा हा सुमारे १२ किलोमीटरचा पट्टा कडेकडेने, मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवून काढावा. म्हशाला आत वळलं की पुन्हा मोकळा रस्ता.

डांबरावर २८ ते ३२ मिलिमीटरचे टायर पुरतात. नारिवलीच्या पुढे खड्डे धरून ३५ ते ४० बरे. सत्तर किलोच्या माणसाने ३५ च्या टायरमध्ये मागे ५०-५५, पुढे ४५ पीएसआय हवा ठेवावी. त्याहून कमी ठेवली तर खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटून दोन शेजारी भोकं पडतात. भातकापणीनंतर काही ठिकाणी रस्त्यावरच पेंढा वाळत घालतात. तो डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या मागच्या भागाच्या, छोट्या चाकांत गुंडाळला जातो आणि जोर लावला तर हँगर, म्हणजे डिरेलर सायकलला जोडणारा तुकडा, वाकतो. अशा जागी उतरून सायकल हाताने ढकलत न्यावी, शेतकऱ्याचं पीकही तुडवलं जात नाही. याच दिवसांत कुंपणासाठी तोडलेल्या बाभळीचे काटे रस्त्यावर येतात. दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर आणि पंप यांच्याशिवाय म्हसा सोडू नये. पुढे सायकलचं दुकान नाही, मोबाइलची रेंजही तुटक.

पाणी दोन बाटल्यांत दीड लिटर आणि वर एक लिटर राखीव घ्यावं. म्हसा हे बाटल्या भरून घ्यायचं शेवटचं भरवशाचं ठिकाण. मार्चनंतर या दरीत अकरा वाजताच ऊन भाजायला लागतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा मोसम. बदलापूरहून जाऊन-येऊन अंतर शंभर किलोमीटरच्या घरात जातं. स्मारकावरून दुपारी एकपर्यंत निघालं तर बारवीचं जंगल उजेडात पार होतं. त्या जंगलात रस्त्यावर दिवे नाहीत.