ख्रिस्तशरीर संस्कार

कॅथलिक पंथातील सात संस्कारांपैकी एक. मिस्सा या उपासनेत धर्मगुरू भाकर व द्राक्षारस यांवर येशूने क्रुसावरील मृत्यूपूर्वी शिष्यांसोबत घेतलेल्या अखेरच्या भोजनातील त्याचे शब्द उच्चारतात. त्यानंतर ते पदार्थ ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. बोलीत ‘कम्युनियन घेणे’ असे म्हणतात.

या विधीचा सर्वांत जुना लिखित उल्लेख संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (११.२३–२६) असून ते पत्र साधारणपणे इ. स. ५३–५५ च्या सुमारास लिहिले गेले असावे. मूळ भोजन वल्हांडणाचे (मिसरमधील दास्यातून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ ज्यू पाळतात त्या सणाचे) होते काय, हा जुना वाद आहे. मार्क, मत्तय व लूक या शुभवर्तमानकारांच्या (येशूचरित्रकारांच्या) मते ते वल्हांडणाचेच होते. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे मात्र येशूचा मृत्यू वल्हांडणाच्या भोजनाआधीच झाला. जर्मन बायबल-अभ्यासक योआकिम येरेमिआस यांनी पहिली बाजू नेटाने मांडली. फ्रेंच अभ्यासिका आनी झोबेर यांनी १९५७ मध्ये कुमरान (मृत समुद्राकाठचे स्थळ) येथील ज्यू पंथीयांच्या सौर कालगणनेच्या आधारे भोजन मंगळवारी रात्री झाले, असे सुचवून दोन्ही परंपरांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. ही उपपत्ती चतुर असली, तरी येशूचे अनुयायी कुमरानची कालगणना पाळत होते याला पुरावा नाही. त्यामुळे तारखेचा आग्रह न धरता, वल्हांडणाच्या दिवसांतले आणि त्याच्या अर्थाने भारलेले भोजन, इतपत म्हणणेच सयुक्तिक दिसते. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिडखे’ या प्राचीन ग्रंथातील (बहुधा पहिल्या शतकाची अखेर किंवा दुसऱ्याचा आरंभ) भोजनप्रार्थनांत ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द आढळत नाहीत. म्हणून तो विधी हाच की निव्वळ सहभोजन, याविषयीही मतभेद आहेत. जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने सुमारे १५५ मध्ये केलेले वर्णन मात्र निःसंदिग्ध आहे : रविवारी वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकरीचे वाटप आणि गैरहजर राहिलेल्यांना सेवकांकरवी घरपोच वाटा. आजच्या मिस्साचा सांगाडा हाच आहे.

रोजच्या जीवनातील या संस्काराचे आजचे स्थान प्राचीन मानण्याची पद्धत आहे. ते अंशतःच खरे आहे. मध्ययुगात सामान्य भाविक मिस्साला नियमित जात, पण भाकर क्वचितच ग्रहण करीत. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेला (रोममध्ये भरलेल्या धर्मसभेला) वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, ती घ्यावी असा दंडक घालावा लागला. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून धर्मगुरू भाकर उंच धरून दाखवू लागले आणि दर्शनालाच महत्त्व आले. वारंवार, शक्यतो रोज ग्रहण करावे, अशी स्पष्ट शिफारस पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत १९०५ मध्ये झाली. १९१० मध्ये मुलांच्या प्रथम ग्रहणासाठी सुमारे सात वर्षांचे वय ठरले. तोवर अनेक प्रदेशांत दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक वयापर्यंत थांबावे लागे.

खरी अडचण ग्रहणापूर्वीच्या उपवासाची होती. मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा वर्ज्य असल्याने मिस्सा सकाळीच होई आणि कामकऱ्यांची कुचंबणा होई. १९५३ मध्ये पाण्याची मोकळीक व काही प्रसंगी सायंकाळच्या मिस्साची मुभा मिळाली. १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आणि नोव्हेंबर १९६४ मध्ये एका तासावर आला. गिरणी, कचेरी वा लोकल गाठणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरी परतताना मिस्साला जाता येऊ लागले ते यामुळे. तत्त्वविवेचनाहून या वेळापत्रकाने अधिक काम केले, असे म्हणण्यास जागा आहे.

भाकर केवळ गव्हाच्या पिठाची असावी लागते. लॅटिन परंपरेत ती बेखमीर असते. पीठ व पाणी कालवून तापलेल्या लोखंडी पत्र्यांमध्ये दाबून पातळ चकत्या भाजतात. तांदळाची किंवा ग्लुटेन पूर्णतः काढलेली चकती ग्राह्य नाही. अत्यल्प ग्लुटेनची चालते. ग्रहण करणारा बहुधा उजव्या तळहातावर डावा ठेवून पुढे येतो, ‘ख्रिस्ताचे शरीर’ या शब्दांना ‘आमेन’ म्हणतो आणि तिथेच बाजूला सरून उजव्या हाताने चकती तोंडात घालतो. उरलेल्या चकत्या आजाऱ्यांसाठी बंद कोनाड्यात ठेवतात. त्याजवळचा दिवा अखंड तेवता असतो.

वसई व मुंबई परिसरातील कुटुंबांत प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार हा पांढऱ्या पोशाखाचा, नातेवाईक जमवून करावयाचा सोहळा असतो. मृतासाठी महिन्याची व वर्षाची मिस्सा सांगण्याची चाल आहे. १९६४ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस (या संस्काराला वाहिलेला कॅथलिक मेळावा) भरली आणि तिला पोप सहावे पॉल उपस्थित राहिले.

२५ एप्रिल १९६९ रोजी रोमने (व्हॅटिकनने) भारतातील मिस्सासाठी स्थानिक रीतींना धरून बारा बदल मान्य केले. त्या बदलांत पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, गुडघे टेकण्याऐवजी अंजली जोडून वाकणे, पंचांगप्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती व धर्मगुरूसाठी साधा अंगरखा आणि शाल यांचा समावेश होता. बंगळुरूच्या राष्ट्रीय कॅथलिक केंद्रातून धर्मगुरू डी. एस. अमलोरपवदास यांनी त्यांचा प्रसार केला. काहींनी याला हिंदूकरण म्हणून विरोध केला. आश्रमांत व प्रशिक्षणसंस्थांत ही रीत रुजली. धर्मग्रामांत (स्थानिक चर्चच्या क्षेत्रांत) बाके आणि मेणबत्त्या बव्हंशी कायम आहेत.