कुरकुरीत चिकन विंग्स

कोंबडीचे पंख कातडी न काढता सांध्यावर तोडायचे आणि बाहेरून कुरकुरीत होईपर्यंत तळायचे किंवा भाजायचे, झाले चिकन विंग्स. घरी करताना सगळी मारामारी असते ती कातडीशी. मांस काय, ते लवकर शिजतंच, पण कातडी रबरासारखी चिवट राहिली की विंग्स फसले, मग वरून कितीही भारी सॉस ओता. म्हणून या नोंदीत मसाले कमी आणि कातडी जास्त आहे.

रचना : पंखाचे भाग तीन. खांद्याजवळचा तो ड्रमेट, त्यात एकच हाड, दिसायला छोट्याशा तंगडीसारखा. मधला फ्लॅट, त्यात दोन बारीक हाडं शेजारी शेजारी, आपल्या कोपरापासून मनगटापर्यंत असतात तीच. शेवटचं टोक म्हणजे आपल्या हाताच्या पंजाची जागा म्हणा हवं तर, त्यात मांस जवळपास नाहीच, पण कोलॅजन (कातडी आणि सांध्यांना बळकटी देणारं चिवट प्रथिन) भरपूर असल्यामुळे ते टाकून न देता सूपच्या पाण्यात घालतात. तोडताना सुरी हाडावर मारायची नाही. पंख ताणून उघडला की सांध्यात बोटाला खळगा लागतो, तिथे सुरी ठेवून वजन टाकलं की कट्कन सुटतो, आणि अडली तर जोर न लावता सुरी जराशी सरकवायची, जागा चुकलेली असते बस. फ्लॅट चांगला की ड्रमेट यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण मांसाच्या मानाने कातडी फ्लॅटला जास्त, त्यामुळे कुरकुरीतपणाच्या बाबतीत फ्लॅटच सरस, ड्रमेटवाले काहीही म्हणोत.

उगम : आज जगभर माहीत असलेला प्रकार म्हणजे बफेलो विंग्स. नावात म्हैस ऐकू येते पण तिचा काही संबंध नाही, ते अमेरिकेतल्या न्यू यॉर्क राज्यातल्या शहराचं नाव. सर्वसाधारणपणे साल सांगितलं जातं १९६४ आणि जागा सांगितली जाते तिथला अँकर बार, जो फ्रँक आणि तेरेसा बेलिसिमो हे जोडपं चालवायचं. इथपर्यंत ठीक आहे, पण पुढची गोष्ट खुद्द घरातच एक नाही. फ्रँक यांच्या सांगण्याप्रमाणे स्पॅगेटीच्या सॉससाठी मागवलेल्या पाठी आणि मानांच्या ऐवजी चुकून पंख आले आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी तेरेसाला काहीतरी करायला सांगितलं. मुलगा डॉमिनिक यांचं म्हणणं वेगळंच, की शुक्रवारची रात्र होती, कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खायचे नाहीत, तर रात्रीचे बारा वाजून शनिवार लागल्यावर बारमधल्या मंडळींना काहीतरी मांसाचं द्यावं म्हणून त्यांनी आईला गळ घातली. दोन्ही गोष्टींत करणारी तेरेसाच, बदलतं ते फक्त कारण. अमेरिकन लेखक केल्विन ट्रिलिन यांनी १९८० मध्ये द न्यू यॉर्कर साप्ताहिकात या सगळ्याचा शोध घेतला आणि तिथेच तिसरा दावेदार ठळकपणे पुढे आला, जॉन यंग.

यंग हे बफेलोतलेच कृष्णवर्णीय व्यावसायिक, विंग्स अँड थिंग्स नावाचं त्यांचं दुकान १९६० च्या दशकात चालायचं, आणि ते पंख न तोडता अख्खा, पिठाचं आवरण लावून तळून मॅम्बो नावाच्या टोमॅटोच्या गोडसर तिखट सॉसमध्ये द्यायचे. १९७० च्या सुमाराला ते शहर सोडून गेले. १९७७ मध्ये बफेलो शहराने २९ जुलै हा चिकन विंग डे जाहीर केला तेव्हा मान मिळाला अँकर बारला, आणि यंग यांना वाटलं की आपलं श्रेय दुसऱ्यानं नेलं, ते वाटणं अगदीच चुकीचं म्हणता येत नाही. निव्वळ पंखांवर दुकान चालवायची कल्पना यंग यांच्याकडे होतीच, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांमधून तळलेले पंख त्याआधीपासून खाल्ले जात. उलट बिनपिठाचा, दोन तुकड्यांत तोडलेला, तिखट सॉस आणि लोण्यात घोळवलेला, सोबत सेलरी आणि ब्लू चीजचं डिप, हा जो ठरलेला साचा आहे तो अँकर बारकडेच जातो असं मानायला हरकत नाही. थोडक्यात दोघंही एकाच गोष्टीवर दावा सांगत नाहीत, म्हणून हा वाद मिटतही नाही.

घरी करणाऱ्याने या भांडणात का पडावं, तर त्यातला एक मुद्दा थेट कढईत येऊन पडतो. यंग यांच्या विंगला आवरण आहे, अँकर बारच्या विंगला नाही, आणि घरगुती पद्धतींचे दोन तट आजही नेमके इथेच पडतात. एकात कुरकुरीत होतं ते पीठ, दुसऱ्यात कुरकुरीत होते ती कातडी. दुसरी वाट जास्त चिकाटीची, पण विंग्सच्या बाबतीत तीच खरी वाटते, कारण पिठाचं आवरण तर कशालाही लावता येतं.

कातडी कुरकुरीत का होते : कच्च्या कातडीत पाणी, चरबी आणि कोलॅजन. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि जोपर्यंत पृष्ठभागावर ते आहे तोपर्यंत कातडी त्याच्या फारशी वर तापतच नाही, आणि तांबूस रंग व भाजल्याचा वास देणारी मेयार्ड अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोरात चालते. फ्रेंच रसायनज्ञ लुई कामी मेयार्ड यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं म्हणून हे नाव. म्हणजे ओली कातडी ओव्हनमध्ये टाकली तर पहिला बराच वेळ नुसतं पाणी उडवण्यात जातो आणि तोवर आतलं मांस पुढे निघून गेलेलं असतं. दुसरी गोष्ट चरबी, ती वितळून बाहेर यायला वेळ लागतो, आणि ती आतच राहिली की वरून रंग छान दिसूनही चावताना लिबलिबीत लागतं. तिसरं कोलॅजन, ते ओलावा आणि उष्णतेत हळूहळू जिलेटिन होतं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं कोंबडीसाठी ७४ अंश अंतर्गत तापमान सुरक्षित ठरवलंय, पण विंग्स तेवढ्यावर काढले तर हाडाजवळ चिवट लागतात, ८५ ते ९० पर्यंत गेले की मांस हाडावरून सुटतं. छातीच्या मांसाला जो ओव्हरकुक म्हणतो तो इथे फायद्याचा.

म्हणून पहिलं काम वाळवणं. पंख धुवायचे नाहीत, शिंतोड्यांतून जंतू सगळ्या ओट्यावर पसरतात, ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीनं २०१४ मध्ये याच मुद्द्यावर खास मोहीम काढली होती. किचन पेपरने दाबून दाबून टिपायचे, मीठ लावायचं, जाळीवर एकमेकांना न चिकटवता मांडायचे आणि न झाकता फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ८ ते २४ तास ठेवायचे, खालच्या यासाठी की गळालेलं पाणी दुसऱ्या कशावर पडू नये. दुसऱ्या दिवशी बघा, कातडी पिवळसर, थोडी पारदर्शक, जुन्या तेलकागदासारखी ताणलेली दिसते आणि बोट लावलं तर चिकटत नाही. चिकटत असेल तर अजून झालं नाही.

बेकिंग पावडर : ओव्हनमध्ये करताना मिठाबरोबर बेकिंग पावडर चोळायची पद्धत आता जवळपास सर्वमान्य आहे, पाककलेचे लेखक जे. केंजी लोपेझ-आल्ट यांच्यासारख्यांनी ती घराघरांत पोचवली. प्रमाण किलोला २ ते अडीच छोटे चमचे, त्याहून जास्त नाही. ती नेमकं काय करते यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं बुडबुडे : पावडर ओली होऊन तापली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, कातडीवर बारीक फोड येतात, पृष्ठभाग वाढतो आणि जास्त जागा कुरकुरीत होते. दुसरं म्हणतं अल्कली : पावडरीतल्या खाण्याच्या सोड्यामुळे कातडीचा सामू (पीएच) वर जातो, प्रथिनं सहज तुटतात आणि मेयार्ड अभिक्रियेला वेग येतो. प्रत्यक्षात दोन्ही चालत असणार, पण रंगाच्या बाबतीत अल्कलीचा वाटा मोठा वाटतो, नुसता सोडा लावला तरी कातडी झपाट्यानं तांबूस होते हे कोणीही करून बघू शकतं. मग सोडाच का नको? कारण त्याला उदासीन करणारं आम्ल नसल्याने साबणासारखी कडवट चव उरते. पावडरीत आम्ल क्षार असतो आणि बहुतेक डब्यांत मक्याचा स्टार्चही, जो उरलेला ओलावा शोषतो, म्हणजे तिसरं काम फुकटात. ॲल्युमिनियमचे क्षार असलेली पावडर मात्र काहींच्या जिभेला धातूसारखी लागते, डब्यावर घटक वाचून घ्यावेत.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे पावडर लावून लगेच ओव्हनमध्ये ढकलणं, मग ती पांढऱ्या ठिपक्यांत तशीच राहते आणि घास कडू लागतो. रात्रभर ठेवली की विरघळून आत जाते.

भाजणं व तळणं : ओव्हन २२० ते २३० अंश, पंख जाळीवर, खाली फॉइल लावलेला ट्रे, ४० ते ५० मिनिटं, मध्ये एकदा उलटायचे. ट्रेवर थेट ठेवले तर खालची बाजू स्वतःच्याच चरबीत आणि वाफेत उकडते. काही जण आधी १२० अंशांवर अर्धा तास ठेवून चरबी वितळवतात आणि मग आच वाढवतात, वेळ असेल तर हे जास्त खात्रीचं, धूरही कमी होतो. झाले की नाही ते रंगावर सोडू नका, चिमट्यानं एक उचलून ताटलीवर हलकेच आपटा, टक् असा कोरडा आवाज आला तर काढा, मऊ थप् आला तर अजून पाच मिनिटं.

तळताना दोनदा तळणं फायद्याचं. पहिल्यांदा साधारण १५० ते १६० अंशांत ८-१० मिनिटं, ज्यात मांस शिजतं आणि पाणी जातं, मग जाळीवर विश्रांती, त्या वेळात आतला ओलावा पुन्हा पृष्ठभागाकडे येतो, आणि दुसऱ्यांदा १८५-१९० अंशांत २-३ मिनिटं, ज्यात तोही उडतो. कोरियन पद्धतीत हाच दोनदा तळायचा प्रकार आणि वर बटाट्याच्या किंवा मक्याच्या स्टार्चचा पातळ थर असतो. आवरण लावायचंच असेल तर मैद्यापेक्षा स्टार्च बरा, त्यात ग्लुटेन नसल्यामुळे थर चिवट न होता ठिसूळ होतो. जपानमधल्या नागोया शहराचे तेबासाकी नावाचे विंग्स १९६० च्या दशकापासून प्रसिद्ध आहेत, तेही दोनदा तळलेले, पण आवरण सहसा नाही आणि सॉस नुसता ब्रशने फिरवलेला, वर मिरपूड आणि तीळ.

एअर फ्रायर हा नावाला फ्रायर, काम छोट्या पंख्याच्या ओव्हनचं, फिलिप्सनं २०१० मध्ये बाजारात आणल्यापासून घरोघरी पोचला. १९०-२०० अंशांत २२ ते २५ मिनिटं पुरतात, फक्त एक थर ठेवायचा, टोपली गच्च भरली तर हवा फिरत नाही आणि विंग्स वाफवलेले निघतात.

सॉस : मूळ बफेलो सॉस म्हणजे व्हिनेगर घातलेला केयेन मिरचीचा तिखट सॉस आणि वितळलेलं लोणी, बस. लोणी इथे चवीपुरतं नाही, चरबीमुळे सॉस कातडीला लेप देऊन बसतो आणि पाणी आत मुरायला उशीर लागतो. लोणी मंद आचेवरच मिसळावं, उकळलं तर फुटतं आणि तेल वेगळं तरंगतं. विंग्स ओव्हनमधून काढल्यावर तीन-चार मिनिटं तसेच ठेवायचे, वाफ जाऊ द्यायची, मग मोठ्या भांड्यात सॉस घालून झटकून घोळवायचे आणि लगेच वाढायचे. मध किंवा साखर असलेला सॉस आधी लावून भाजला तर कातडी कुरकुरीत व्हायच्या आत साखर करपते, तो शेवटच्या पाच मिनिटांतच. झाकण घालून गरम ठेवू नये, पाच मिनिटांत सगळी मेहनत वाफेत जाते. उरलेले विंग्स मायक्रोवेव्हऐवजी गरम ओव्हनमध्ये जाळीवर ८-१० मिनिटं ठेवले की बऱ्यापैकी परत येतात, सॉस लावलेले मात्र पहिल्यासारखे होत नाहीत.