नववी सिंफनी आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग

पाश्चात्त्य अभिजात संगीत समजावून सांगणाऱ्यापुढे एक जुनी अडचण होती. ज्या क्षणाबद्दल तो बोलणार, तो क्षण बोलून होईपर्यंत निघून गेलेला असे. आपल्याकडच्या सप्रयोग व्याख्यानात गायक मध्येच थांबून तीच जागा पुन्हा गाऊन दाखवतो, पण पूर्ण वाद्यवृंद आणि गायकवृंद लागणाऱ्या सिंफनीच्या बाबतीत ही सोय नसते. पुस्तकात स्वरलिपीचा तुकडा छापता येतो, मात्र ज्याला ती वाचता येत नाही त्याच्यासाठी तो मुकाच राहतो. ध्वनिमुद्रिकेवर सुई उचलून अंदाजाने पुन्हा ठेवता येते, पण हवी ती जागा नेमकी सापडेल याची खात्री नसते. 1989 मध्ये कॅलिफोर्नियातील व्हॉयेजर कंपनीने प्रकाशित केलेल्या, बेटहोव्हेनच्या नवव्या सिंफनीवरील संगणकीय मार्गदर्शकाने ही अडचण ज्या रीतीने सोडवली, ती रीत आजही अभ्यासण्याजोगी आहे. त्याचे लेखक रॉबर्ट विंटर हे लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संगीतशास्त्रज्ञ आणि पियानोवादक होते. बेटहोव्हेनच्या कच्च्या टिपणवह्यांच्या अभ्यासासाठी ते तेव्हाही ओळखले जात होते.

हा मार्गदर्शक ज्या यंत्रावर चालायचा त्याची ताकद आधी लक्षात घेतली पाहिजे. सीडीवर ध्वनी साठवताना दोन्ही वाहिन्यांचे दर सेकंदाला प्रत्येकी 44,100 नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा असतो. म्हणजे एका सेकंदाच्या संगीताला 1,76,400 बाइट लागतात. त्या काळातील ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाच्या 800 किलोबाइटच्या फ्लॉपीवर असे संगीत पाच सेकंदही मावले नसते आणि 20 मेगाबाइटची हार्ड डिस्क दोन मिनिटांच्या आतच भरली असती. तासाहून अधिक चालणारी नववी सिंफनी संगणकात साठवणे सर्वसामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

त्यामुळे सिंफनी संगणकात आणण्याचा प्रयत्नच कोणी केला नाही. ती साध्या सीडीवरच राहिली. 1960च्या दशकात हान्स श्मिट-इसरश्टेट यांच्या दिग्दर्शनाखाली व्हिएन्ना फिलहार्मोनिकने केलेले ते ध्वनिमुद्रण होते. सीडी-रॉम ड्राइव्ह ती तबकडी एखाद्या सीडी प्लेअरप्रमाणे वाजवायचा आणि आवाज ड्राइव्हच्या स्वतःच्या जोडणीतून थेट हेडफोनकडे किंवा स्पीकरकडे जायचा. संगणकाचा त्या ध्वनीशी प्रत्यक्ष संबंधच येत नसे. त्याच्याकडे दोनच कामे होती : ‘अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंत वाजव’ अशी आज्ञा ड्राइव्हला देणे, आणि ‘आता कुठे पोहोचलास’ हे विचारत राहणे. एवढ्यावरच सगळी इमारत उभी राहिली.

हे शक्य झाले ते सीडीच्या रचनेतील एका तरतुदीमुळे. तबकडीवरची माहिती सुमारे पाच किलोमीटर लांबीच्या एकाच सर्पिल रेषेत लिहिलेली असते आणि ती सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाइतक्या तुकड्यांत विभागलेली असते. अशा प्रत्येक तुकड्यात 2,352 बाइट ध्वनी असतो आणि त्याच्या सोबतीने काही पूरक माहितीही धावत असते. या माहितीच्या आठ उपवाहिन्या असून त्यांपैकी ‘क्यू’ या उपवाहिनीत कितवा ट्रॅक चालू आहे आणि किती मिनिटे, सेकंद व तुकडे उलटले आहेत याची नोंद असते. सीडी प्लेअरच्या पुढच्या पट्टीवर सरकणारे आकडे याच नोंदीतून येतात. अभियंत्यांनी ही सोय ट्रॅक शोधण्यासाठी आणि वेळ दाखवण्यासाठी केली होती, पण संगीत शिकवणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर सिंफनीतील प्रत्येक जागेला जवळपास 13 मिलिसेकंदांइतका नेमका पत्ता आयता मिळाला होता. प्रत्यक्षात एवढा काटेकोरपणा साधत नसे, कारण ध्वनीच्या सीडीवर प्रत्येक तुकड्याच्या आरंभी स्वतंत्र शीर्षनोंद नसते आणि ड्राइव्ह काही तुकडे मागेपुढे उतरू शकतो. लेझरला दूरच्या जागी सरकायलाही वेळ लागे. मात्र श्रोत्याला एखादी स्वरपंक्ती जिथे सुरू होते तिथे नेऊन सोडायला एवढा नेमकेपणा पुरेसा होता. व्हॉयेजरला अशा पत्त्यांची ओळख आधीपासूनच होती. ही कंपनी लेझरडिस्कवर, म्हणजे लेझरने वाचल्या जाणाऱ्या चित्रतबकडीवर, चित्रपट प्रकाशित करत असे आणि एका प्रकारच्या लेझरडिस्कच्या प्रत्येक बाजूवर 54,000 चौकटी असून त्यांतील प्रत्येक चौकट तिच्या क्रमांकाने बोलावता येत असे.

पडद्यावरचा भाग सांभाळायला हायपरकार्ड होते. बिल ॲटकिन्सन यांनी तयार केलेले हे सॉफ्टवेअर ॲपलने 1987 मध्ये आणले आणि ते नव्या मॅकिंटॉशसोबत विनामूल्य दिले. त्यात माहिती कार्डांवर मांडलेली असे, कार्डांचा गठ्ठा म्हणजे स्टॅक, आणि कार्डावरच्या बटणावर क्लिक केले की पुढे काय घडावे हे जवळजवळ साध्या इंग्रजीसारख्या भाषेत लिहिता येत असे. चित्रे फक्त काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांची होती. या भाषेमुळे विषयाचा जाणकार आणि पडद्यावरचा मजकूर यांच्यातले अंतर एकदम कमी झाले, आणि विंटर यांच्यासारख्या शिक्षकाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती, असे मला वाटते.

मार्गदर्शकाचे पाच भाग होते. एकात सिंफनीचा आराखडा एका दृष्टिक्षेपात दिसे आणि कोणत्याही विभागावर क्लिक केले की तोच विभाग वाजू लागे. दुसऱ्यात बेटहोव्हेनचा काळ आणि भोवताल, तिसऱ्यात ऐकण्याची कला, तर शेवटच्या भागात प्रश्नमंजूषेचा खेळ होता. सर्वांत मोलाचा भाग होता तो बारकाईने वाचन करण्याचा. संगीत वाजत असताना पडद्यावरचे भाष्य आपोआप पुढे सरकत जाई, कारण ड्राइव्हकडून कळणारी वेळ आणि कार्डात नोंदलेली वेळ जुळली की पुढचे कार्ड उघडत असे.

अशा भाष्याने ऐकण्यात काय फरक पडतो, हे सिंफनीच्या आरंभावरून समजावून घेता येईल. पहिल्या काही मात्रांत दुय्यम व्हायोलिने आणि चेलो अगदी हळू आवाजात ‘ए’ आणि ‘ई’ हे दोनच स्वर थरथरत धरून ठेवतात. आपल्या भाषेत सांगायचे तर कानावर फक्त षड्ज आणि पंचम पडतात. गंधार नाही, त्यामुळे पुढे कोमल गंधाराची गंभीर छटा येणार की शुद्ध गंधाराची उजळ छटा, याचा अंदाज बांधता येत नाही. तंबोऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला हा आधार ओळखीचा वाटतो आणि आपण ‘ए’ला निःशंकपणे सा मानून बसतो. सतराव्या मापात (माप म्हणजे स्वरलिपीतला ठरावीक मात्रांचा एक खंड) संपूर्ण वाद्यवृंद ‘डी मायनर’मध्ये, म्हणजे ‘डी’ला षड्ज मानणाऱ्या कोमल गंधाराच्या स्वरमेळात, कोसळतो तेव्हा कळते, की खरा षड्ज ‘डी’ आहे. ज्यांना आपण सा आणि प समजत होतो, ते प आणि रे होते. बऱ्याच वेळाने, 301 व्या मापापाशी, तोच आरंभ परत येतो. या वेळी मात्र कुजबुज नाही, साऱ्या वाद्यांचा कडकडाट आहे, आणि आरंभी गाळलेला गंधार खर्जातल्या वाद्यांत ठाण मांडून बसलेला आहे, तोही शुद्ध. पाठ्यपुस्तकांत शुद्ध गंधाराला आनंदाशी जोडतात, पण इथे तो भयकारक वाटतो.

या दोन जागांमध्ये बरीच मिनिटे जातात. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या स्मरणात आरंभ इतका स्पष्ट राहत नाही, त्यामुळे तुलना होत नाही आणि बेटहोव्हेनने केलेला बदल जाणवल्याशिवायच निघून जातो. दोन्ही जागांचे पत्ते हाताशी असले म्हणजे त्या लागोपाठ ऐकता येतात, पुन्हा आलटूनपालटून ऐकता येतात, आणि मग कानाला जे कळते त्याला कोणाच्या शब्दाची ग्वाही लागत नाही. स्वरलिपी वाचणाऱ्यांना पाने उलटून हे करता येत असे; या सॉफ्टवेअरने ते न वाचणाऱ्यांनाही करू दिले. व्हिएन्नात 7 मे 1824 रोजी पहिल्या प्रयोगाला बसलेल्या श्रोत्यांना ही संधी मिळालेली नव्हती.

पुढे मायक्रोसॉफ्टने याच मार्गदर्शकाची विंडोजसाठीची आवृत्ती काढली आणि मोत्सार्ट, शूबर्ट व स्त्राविन्स्की यांच्या एकेका रचनेवरही अशी शीर्षके आली. नंतरच्या बहुमाध्यम सीडींमध्ये रंग, छायाचित्रे आणि चलचित्रे वाढत गेली. माझ्या मते त्यांतल्या कित्येकींमध्ये संगीत पार्श्वभूमीला ढकलले गेले. 1989 च्या त्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर दाखवण्यासारखे फारसे काही नसल्यामुळे लक्ष कानाकडेच राहत होते.

जतनाचा प्रश्न इथे विचित्र वळण घेतो. ॲपलने 2004 मध्ये हायपरकार्डची विक्री थांबवली आणि त्याला चालवू शकणारी कार्यप्रणालीही मागे पडली. इंटरनेट आर्काइव्हने 2017 पासून जुने स्टॅक अनुकरणी प्रणालीच्या, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने उघडून दाखवायला सुरुवात केली. पण या मार्गदर्शकाच्या बाबतीत केवळ स्टॅक उघडून भागत नाही. त्यातले सगळे भाष्य एका विशिष्ट तबकडीवरच्या वेळांना बांधलेले आहे. दुसऱ्या दिग्दर्शकाचे ध्वनिमुद्रण घातले तर दोन-तीन मापांतच शब्द आणि संगीत यांची फारकत होईल. तबकडी मात्र आजही कोणत्याही सीडी प्लेअरवर वाजते.

सिंफनीतल्या जागेला तबकडीवरच्या वेळेबरोबरच मापाचा क्रमांकही असतो, त्यामुळे नव्या ध्वनिमुद्रणासाठी पत्ते पुन्हा जुळवता येतात. ख्यालात तसे नाही. तिथे विस्तार गाता गाता घडत असल्यामुळे त्या ध्वनिमुद्रणातली वेळ हाच मुख्य पत्ता उरतो, आणि त्याच्या जोडीला तालाची सम. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, सुवर्णलता राव आणि विम व्हान देर मेर यांनी ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या सहकार्याने उभ्या केलेल्या ‘ऑट्रिम’ प्रकल्पात याच प्रश्नाला हात घातला गेला. त्यात गायनाच्या स्वराची उंची संगणकाने मोजून तिची रेषा पडद्यावर काढली जाते, गायकाच्या षड्जावरून आखलेल्या आडव्या रेषा सप्तकातील स्वर दाखवतात आणि गाणे चालू असताना एक खूण त्या रेषेवरून सरकत जाते. त्यामुळे मींड घेताना आवाज दोन स्वरांमधल्या जागेत किती वेळ रेंगाळला, कोमल गंधाराला आंदोलन किती दिले, हे ऐकता ऐकता डोळ्यांनाही दिसते. इथे लिखित भाष्य जवळजवळ नाही. गाण्याच्या प्रत्येक क्षणाला बांधलेली आहे ती स्वराचीच रेषा.