फंक्शनच्या नावातली अक्षरं कुणी खाल्ली?

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत मजकुराची नक्कल करणारं फंक्शन, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणारा आज्ञांचा संच, म्हणजे ‘स्ट्रसीपीवाय’; ‘स्ट्रिंग कॉपी’चं आखडलेलं रूप. पत्राच्या मायन्यातल्या ‘सा. न. वि. वि.’सारखं, ज्याला माहीत त्यालाच कळणारं. फरक इतकाच, की इथे जागाच नव्हती. आयबीएम ७०४ या जुन्या संगणकाचा एक ‘शब्द’, म्हणजे तो एका वेळी हाताळतो तो तुकडा, ३६ बिटांचा, एका अक्षराला ६ बिट, म्हणजे शब्दात मावणार ६ अक्षरं. १९५७च्या फोरट्रान या भाषेत चलांची (किमती साठवणाऱ्या खणांची) नावं तेवढ्यातच बसवावी लागत. फंक्शनचं नाव तर ‘एफ’नेच संपायला हवं, आणि उत्तर पूर्णांकात असेल तर सुरुवात ‘एक्स’ने!

यंत्रं बदलली, सवय राहिली. प्रोग्रामचे वेगवेगळे तुकडे जोडणाऱ्या जुन्या लिंकरांना सांभाळायचं म्हणून १९८९च्या सी प्रमाणकानेही फाइलीबाहेर दिसणाऱ्या नावांची पहिली ६ अक्षरंच ओळखण्याची हमी दिली. युनिक्स या कार्यप्रणालीत फाइल तयार करणाऱ्या ‘क्रिएट’च्या शेवटी ‘ई’ नाही. युनिक्स नव्याने लिहिलंत तर काय बदलाल, असं विचारल्यावर तिचे एक जनक केन थॉम्पसन यांनी तो ‘ई’ लावेन, असं सांगितलं होतं. वेबसाठीच्या पीएचपी भाषेची गंमत याहून न्यारी: सुरुवातीला तिथे फंक्शनं नावाच्या लांबीनुसार कप्प्यांत टाकली जात, म्हणून ते कप्पे सारखे भरावेत यासाठी तिचे जनक रासमुस लेर्डोर्फ यांनी मुद्दाम कमी-जास्त लांबीची नावं ठेवली.

दोन शब्द जोडायचे कसे, हा वाद मात्र कीबोर्डातून आला. १९६३च्या आस्कीत, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाणित संकेतावलीत, आजच्या अंडरस्कोरच्या (‘_’) जागी डावीकडचा बाण होता. १९६७ साली तो गेला. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या प्रयोगशाळेतल्या स्मॉलटॉक भाषेने चलाला मूल्य देण्यासाठी तो बाणच धरून ठेवला. अंडरस्कोर हाताशी नाही, मग पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल. उंटाच्या वशिंडासारखी मधेच उंच अक्षरं, म्हणून हा ‘कॅमलकेस’; तोच पुढे जावा भाषेने उचलला. पायथन भाषेने २००१च्या पेप ८ या लेखनशैलीच्या नियमावलीत अंडरस्कोर पसंत केला, तरी तिच्या ‘युनिटटेस्ट’ या चाचण्यांच्या साधनामध्ये ‘सेटअप’चा ‘यू’ अजून कॅपिटल आहे. जावाच्या जेयुनिट या तशाच साधनाकडून आलेलं हे माहेरचं वळण.

देवनागरीत कॅपिटल नाहीच, त्यामुळे आपल्याकडे कॅमलकेसचा प्रश्नच मिटतो. पायथन ३मध्ये ‘बेरीज_करा’ हे नाव बिनतक्रार चालतं. गो भाषेत अडतं, कारण तिला नावात काना-मात्रा चालत नाहीत. ‘बदल’ चालेल, ‘बेरीज’ नाही. पहिलीच्या पाटीवरच्या शब्दांवरच भागवायचं. शिवाय पॅकेजबाहेर, म्हणजे प्रोग्रामच्या आपल्या गठ्ठ्याबाहेर, दिसायचं तर पहिलं अक्षर कॅपिटल हवं, तेव्हा ‘बदल’ही घरातच बसणार.