पोकलेनच्या मॉनिटरवरचा कोड: थोडा मागचा इतिहास

मराठवाड्यात चेनवरच्या खोदयंत्राला कोणी एक्स्कॅव्हेटर म्हणत नाही. ते पोकलेन. नाव फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीचं, जी जॉर्ज बताय यांनी १९२७ साली काढली आणि जिने १९५१ साली टीयू हे हायड्रॉलिक खोदयंत्र आणलं. भारतात एल अँड टीने पोक्लेनच्या तंत्रावर यंत्रं बनवली. त्यातलं ९०सीके जुन्या ऑपरेटरांच्या बोलण्यात अजून येतं. पुढे कंपन्या बदलल्या, रंग बदलले, तरी आपल्याकडे नाव तेच राहिलं.

त्या पिढीच्या मशीनमध्ये वीज मोजक्याच ठिकाणी होती: बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर, दिवे, मीटर. डिझेल पंपाला केबल आणि व्हॉल्व्हला लिव्हर. पंप दमला की आवाजावरून कळायचं, तेल तापलं की हाताला कळायचं. आपले जुने मेस्त्री याच कामात तयार झाले आणि हायड्रॉलिकमध्ये त्यांचा हात धरणारा आजही विरळा. म्हणूनच पुढे केबिनमधल्या मॉनिटरवर बिघाडाचे कोड आले आणि ते वाचण्यात चुका होऊ लागल्या, त्याचा दोष त्यांच्यावर टाकणं मला पटत नाही.

बदल आला तो १९९०च्या दशकातल्या मशीनबरोबर. एल अँड टी आणि कोमात्सु १९९८ साली एकत्र आले, आणि पीसी २००-६ सारखी मशीन आपल्या भागातही दिसू लागली. यात इंजिनची रेस छोटी गव्हर्नर मोटर सांभाळते आणि पंपाने किती तेल द्यायचं ते कंट्रोलर, म्हणजे मशीनमधला छोटा कॉम्प्युटर, ठरवतो. कंट्रोलर व्हॉल्व्हच्या कॉइलला करंट पाठवतो आणि तो ठरल्याइतका गेला की नाही हे स्वतःच तपासतो. गेला नाही तर मॉनिटरवर कोड. ई०२ पंपाच्या ईपीसी व्हॉल्व्हच्या (पंपाचं तेल कमी-जास्त करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हच्या) सर्किटचा, ई०३ स्विंग ब्रेकचा, म्हणजे मशीनचं वरचं धड फिरू न देणाऱ्या ब्रेकचा, ई०५ गव्हर्नर मोटरचा.

इथे ‘सर्किटचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कंट्रोलरला कॉइल दिसत नाही, वायर दिसत नाही, वायरी जोडणारा कपलर दिसत नाही. त्याला फक्त आपल्या पिनवरचा करंट कळतो. कॉइल जळली, वायर तुटली किंवा कपलरमध्ये पाणी शिरलं, तिन्ही वेळा कोड तोच.

नंतर मशीनचे कंट्रोलर एकमेकांशी बोलू लागले. बॉशने १९८६ साली कॅन ही पद्धत मांडली, आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या जे१९३९ मानकाने अवजड वाहनांना व यंत्रांना एक समान भाषा दिली. कोडचे दोन भाग झाले: एसपीएन म्हणजे तक्रार कशाची, एफएमआय म्हणजे तक्रार काय. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट उघडं. म्हणजे ‘१००, ४’ वाचून ऑइल पंप खोलायला बसणं चूक आहे. तिथे प्रेशरची नाही, सेन्सरच्या व्होल्टेजची तक्रार आहे.

ही मशीन मराठवाड्यात गावोगाव आली ती दुष्काळाच्या कामांबरोबर. २०१२-१३चा दुष्काळ, डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेलं जलयुक्त शिवार, नाला खोलीकरण, शेततळी, विहिरी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा गाळ काढायला मशीन मिळणं हीच अडचण होती. पुढे जालना, संभाजीनगरमधून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचं काम आलं. गावातल्या पोरांनी हप्त्यावर जुनी मशीन घेतली. कागदपत्रं, अवर मीटर, चेन, बकेटच्या पिना सगळं पाहून घेतलं. वायरिंग कोण पाहणार?

आपल्या जमिनीचाही यात वाटा आहे. काळ्या रानात पावसाळ्यात मशीन चालत नाही. जून लागला की ते कुठेतरी बांधावर उभं, ते थेट दसरा-दिवाळीपर्यंत. तेवढ्यात बॅटऱ्या उतरतात, कपलरच्या पिना हिरव्या पडतात, उंदीर हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, घर करतात. दिवाळीनंतर चावी फिरवली की एकदम तीन-चार कोड.

अंबड तालुक्यात माझ्या चुलत भावाने घेतलेल्या जुन्या मशीनवर ई०२ कायम होता. कंट्रोलरला बाजूला ठेवून पंप चालवणारा इमर्जन्सी पंप स्विच लावून ते चालवलं जायचं, आणि भारी खोदाईत इंजिन दबायचं. एका मेस्त्रीने सांगितलं म्हणून जुना कंट्रोलर विकत आणून बसवला, तरी कोड तसाच. शेवटी केबिनची फळी उचलली तेव्हा सीटमागे घरगुती वायरचा तुकडा सापडला, नुसता पिळलेला, वर काळी टेप. आधीच्या कोणीतरी घाईत जोडलेला. तुकडा काढून नवी वायर पक्की जोडली आणि कोड गेला. कंट्रोलरचे पैसे मात्र परत आले नाहीत.

कारखान्याने कोडची यादी लिहिली ती हार्नेस मूळचा आहे असं धरून. जुन्या मशीनमध्ये ते गृहीत उरत नाही. ‘डायरेक्ट’ केलेल्या वायरी, दगड फोडायच्या ब्रेकरसाठी वाढवलेली लाइन, मागाहून बसवलेला जीपीएस, यातलं काहीच त्या यादीला ठाऊक नसतं. म्हणून आधी २४ व्होल्टसाठी जोडलेल्या १२-१२ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. मग मशीन चालू ठेवून बॅटरीची मायनस आणि कंट्रोलरची अर्थ यांच्यात मीटर लावावा. अर्धा व्होल्टही दिसला तर आधी अर्थची पट्टी घासावी. अनेक सेन्सर एकदम बोंबलत असतील तर त्यांची सामाईक ५ व्होल्टची लाइन पाहावी. ती पडलेली असेल तर एकेक सेन्सरचा कपलर काढत जावं. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील, तो दोषी. कॅनच्या दोन वायरींमध्ये बॅटरी कट करून ६० ओहम यायला हवेत, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० आले तर एक टोक तुटलंय. ४० आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवलाय, आणि मग मागाहून बसवलेल्या डब्या शोधायला लागावं.